ओव्हर

ये भालेकर, बस.
आठ वाजून दहा. विश्रांतवाडीचा सिग्नल आज पुन्हा बंद ना?
चहा घे आधी. मग रजिस्टर.

एक ते पाच, झोप ठीक.
सहानं रात्रीची गोळी गालात धरली होती.
पाणी दिलं, थांबले, पुन्हा पाणी दिलं. गिळली.
तिच्यावर ओरडू नकोस. लाडे लाडेही बोलू नकोस,
मंडईत गाळा होता तिचा,
तुझ्यामाझ्यापेक्षा पक्का हिशेब येतो तिला.
सात, आठ, काही नाही.

आता नऊ.
डोईफोडे अश्लेषा, वय सव्वीस, गाव परतूर.
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर चार वर्षं,
पूर्व पास, मुख्य पास,
मुलाखतीत दोन मार्कांनी.
तिच्याकडे दर पंधरा मिनिटांनी जायचं, मग टिक करायची.
नुसतं टिक करायला गेलीस तर
तिला पावलांवरून कळतं.
टॉर्च तोंडावर नाही, भिंतीवर मार.
भिंतीवरून परत येतो तेवढा उजेड पुरतो
चादर वरखाली होतेय का बघायला.

दीडला जागी होती.
स्टूल ओढलं आणि विचारलं,
मरून जावंसं वाटतंय का, आत्ता?
हो, असंच. जेवलीस का विचारावं तसं.
तुला वाटेल विचारल्यानं सुचेल.
सुचत नाही गं.
ते आधीपासून आत एकटंच येरझारा घालत असतं.

'हो' म्हणाली.
'असं बोलू नये' मी म्हटलं नाही.
'आईचा विचार कर' तर नाहीच नाही,
आईचाच विचार करकरून ती इथवर आलीय.
म्हटलं, बरं झालं सांगितलंस.
मी सकाळी आठपर्यंत आहे.

मग बराच वेळ काही नाही.
पंखा, सहाचं घोरणं.
धुऊन आलेले अभ्रे मांडीवर घेऊन घड्या घालत बसले.
तिनं माझ्या दोन घड्या उलगडल्या, पुन्हा घातल्या.
म्हणाली, कडा आत जायला हवी, सिस्टर.

चारला विचारते, इथे अजून जुलै का आहे?
बघते तर खरंच.
ऑगस्टची नऊ तारीख, आणि सगळ्या वॉर्डात
एकीनंही पान उलटलेलं नाही.
तिनं उलटलं.

ह्याला बरं होणं म्हणू नकोस.
मी लिहिलंय: 'स्वतःहून बोलली, तारखेचं भान आहे.'
पंधरा मिनिटं पंधराच राहतील,
डॉक्टर सांगतील तोवर.

आणि ऐक.
एकदम शांत झाली, हसायला लागली,
आपल्या वस्तू इतरांना देऊ लागली,
तर जास्त जवळ बस. लगेच कळव.
मला ते उशिरा कळलं.
तू शाळेत असशील तेव्हा, खिडकीजवळचा बेड.
घरून आलेला चिवड्याचा डबा तिनं माझ्या हातात दिला,
तुम्हालाच घ्या म्हणाली, काय छान हसली.
मी टिक केली.

दिवाळीला अजून करते मी चिवडा.
सगळ्यांना वाढते.

माझ्या सोसायटीत, नोकरी कुठे, येरवड्याला,
म्हटलं की माणसं अजून हसतात.
मीही हसते त्यांच्याबरोबर.
कुठे सगळ्यांना सांगत बसायचं
की रात्री आपण काय करतो?
अभ्र्यांच्या घड्या घालतो.

बाहेर बाकावर तिची आई आहे,
देवळात बसावं तशी, चपला काढून.
विचारेल, झोपली का?
सांग, साडेपाचला झोपली. खरंच झोपली.
आणि हा उरलेला चहा तिला दे,
मागणार नाही ती.

इथे सही कर.
पेन परत दे, ते मोजलेलं आहे.

रात्री मी आले की
आधी नऊचं सांग.
बाकी सगळं नंतर.